जुनी पायपेटी घेताना: अमेरिकन ऑर्गन की फ्रेंच हार्मोनियम?

संगीत नाटकांतल्या ऑर्गनची साथ ज्यांच्या कानात बसली आहे, त्यांना परदेशातल्या जुन्या सामानाच्या दुकानात पायपेटी दिसली की मोह होतोच. दोन्ही वाद्यं समोरून सारखीच दिसतात. खाली दोन पेडल, वर बहुधा पाच सप्तकांच्या पट्ट्या आणि कुठल्या रीडचा संच वाजवायचा ते ठरवणारे, ओढायचे खटके. रीड म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी धातूची पातळ जीभ बसवलेली पट्टी. आतला कारभार मात्र नेमका उलटा आहे, आणि घेणाऱ्याने निर्णय त्यावरच करावा.

फ्रेंच हार्मोनियम आपल्या हातपेटीसारखं चालतं. पायाने भाता हवा भरतो आणि ती दाबाने रीडमधून बाहेर पडते. पॅरिसच्या देबां यांनी 1840च्या दशकात याचं पेटंट घेतलं. अमेरिकन ऑर्गनमध्ये भाते हवा बाहेर उपसतात. हवा कमी झालेल्या पेटीत, पट्टी दाबली की खोलीतली हवा रीडमधून आत ओढली जाते. बॉस्टनची मेसन अँड हॅम्लिन (स्थापना 1854) आणि व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची एस्टी ही या घराण्यातली मोठी नावं. एकट्या एस्टीने पाच लाखांच्या वर ऑर्गन बनवले, म्हणून अमेरिकेत ते आजही सहज सापडतात.

सुराचा फरक मोठा आहे. अमेरिकन रीडची पितळी जीभ बारकाईने वाकवून, किंचित पिळून घडवलेली असते, त्यामुळे आवाज गोल आणि मऊ येतो. फ्रेंच सूर धारदार आणि जोरकस असतो. त्यात ‘एक्स्प्रेशन’चा खटका ओढला की हवेचा दाब एकसारखा ठेवणारा साठ्याचा भाता बाजूला पडतो आणि पायाच्या दाबाप्रमाणे सूर लहानमोठा होतो. हात बसला तर हे फार सुंदर वाजतं, पण पाय तयार व्हायला खूप रियाज लागतो. अमेरिकन ऑर्गनमध्ये आवाज गुडघ्याने ढकलायच्या दांडीने वाढतो, ते लवकर जमतं. गळ्याच्या साथीसाठी माझं मत अमेरिकनला. एकल वादनाची ओढ असेल आणि मेहनतीची तयारी असेल, तर फ्रेंच घ्या.

दुरुस्तीत अमेरिकन रचना मला मनापासून आवडते. प्रत्येक रीड आपल्या खाचेत नुसती सरकवलेली असते. एक सूर मुका झाला तर आकड्याच्या हत्याराने तिचं टोक पकडून हलकेच ओढायचं, की ती हातात येते. बहुतेक वेळा जिभेखाली धूळ अडकलेली असते, कारण हे वाद्य खोलीतलीच हवा ओढतं. मऊ कुंचल्याने झाडून परत बसवली की सूर बोलू लागतो. फ्रेंच वाद्यात रीड स्क्रूने बसवलेल्या असतात, तिथे वेळ लागतो. सूर मिळवणं दोन्हीकडे सारखंच: टोकाशी घासलं तर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो. हे मात्र जाणकाराकडूनच करून घ्या, कारण घासलेलं पितळ परत येत नाही.

आरसा, कोरीव फळ्या आणि उंच माथा असलेले ऑर्गन दिवाणखान्याची शोभा वाढवतात, पण सुराला त्यांचा उपयोग नाही. सपाट माथ्याचा, साध्या पेटीचा ऑर्गन हलवायलाही सोपा.

घेण्यापूर्वी खटके ओढा, पण एकही पट्टी न दाबता पेडल मारा. भाता निकोप असेल तर थोड्याच वेळात पेडल जड होतात. सैलच राहिले तर कापड विरलं आहे किंवा लाकडाला भेग आहे. कापड बदलता येतं, पण रीडखालच्या फळीची भेग खर्चात पाडते. नंतर एकेक खटका ओढून सगळ्या पट्ट्या वाजवून बघा, आणि ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं यंत्र, जवळ ठेवा. अनेक जुने ऑर्गन आजच्या 440च्या मापात (A हा सूर 440 हर्ट्झला) नसतात. एकटं गायचं असेल तर चालून जाईल, पण दुसऱ्या वाद्यांबरोबर बसायचं असेल तर सगळे सूर नव्याने मिळवण्याचा खर्च आधीच किमतीत धरा.