एकही गादी न कापता मिळालेलं 'पर्यावरणपूरक' लेबल

१,५५,६०० रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, कारण गेले चार महिने भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतोय आणि उत्तर देताना दर वेळी मान खाली जाते.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं गाद्या-फर्निचरचं दुकान आहे आणि उचगावला छोटा कारखाना. आजोबा खांद्यावर पिंजण टाकून गल्लोगल्ली फिरायचे. वडिलांनी दुकान थाटलं. २०१९च्या पुरात तळमजल्यावरचा सगळा माल गेला, २०२१ला पुन्हा पाणी आलं. दोनदा उभं राहायचं म्हणजे काय असतं ते शाहूपुरीतल्या माणसाला सांगायला नको. कंपन्यांच्या ऑनलाइन गाद्या खोक्यात गुंडाळून घरपोच येतात, त्यांच्याशी दरात आपण टिकत नाही. म्हणून मी काथ्या आणि नैसर्गिक लेटेक्सच्या, म्हणजे रबराच्या चिकाच्या, गाद्या सुरू केल्या. माल चांगला आहे, हे आजही छातीठोकपणे सांगतो. हा माल हॉटेलं, रिसॉर्ट असल्या गिऱ्हाइकांपर्यंत न्यायचा होता. हाव म्हणायची असेल तर म्हणा, मी त्याला धंदा म्हणतो.

फेब्रुवारी २०२५मध्ये एका व्यापारी मेळाव्यात तो भेटला. कार्डावर 'ग्रीन सर्टिफिकेशन कन्सल्टंट', पत्ता पुण्याचा. बोलणं असं की ऐकत राहावं. युरोपच्या पर्यावरण लेबलाचं फूल त्यानं दाखवलं, पाकळ्यांच्या जागी तारे आणि मध्ये ई. हे लेबल १९९२पासून आहे, गाद्यांचे सुधारित निकष २०१४ला आणि फर्निचरचे २०१६ला आले, आपल्याकडे १९९१पासून मातीच्या मडक्याचं चिन्ह असलेलं इकोमार्क आहे, २०२४ला त्याचे नवे नियम निघाले आणि ते काम आता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बघतं, हे सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. मी घरी येऊन तपासलं. शब्द न् शब्द खरा निघाला. इथंच माझा विश्वास बसला. मी आंधळेपणानं पैसे दिले असं जे म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं. खऱ्या गोष्टी नऊ सांगायच्या आणि दहावी खोटी सरकवायची, अशी ही जात असते.

दहावी अशी होती: "एक एप्रिलपासून लेबल सक्तीचं होतंय. मग हॉटेलवाले तुमचा माल घेणार नाहीत आणि टेंडरला तर उभंच करणार नाहीत." ही सगळी लेबलं ऐच्छिक आहेत. ज्याला पाहिजे त्यानं अर्ज करायचा, नको असेल त्यानं नाही. ऐच्छिक गोष्टीला 'शेवटची तारीख' कुठून आली, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. तुम्हाला पडू दे.

१८ फेब्रुवारीला नोंदणीचे २३,६०० दिले, २०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. १२ मार्चला 'चाचणी शुल्क' म्हणून ७०,८००. ९ एप्रिलला 'लोगो वापर परवाना' ४७,२००. या तिन्ही रकमा बँकेतून गेल्या. शेवटी २,००० लेबलं छापून देण्याचे १४,००० रोख, बिल नाही. लेबल झक्क होतं, चकचकीत कापडी, खाली परवाना क्रमांक, शेजारी 'आयएसओ १४०२४ प्रमाणित'. आता कळतंय की आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, आणि १४०२४ हे लेबल देणाऱ्या योजना कशा चालवाव्यात याचं मानक आहे. गादी त्यानं 'प्रमाणित' होत नाही. पण आपल्याकडे आयएसओ म्हटलं की बिल्डरपासून बालवाडीपर्यंत सगळे मान डोलावतात. मीही डोलावली.

आता २० मार्चचा दिवस सांगतो. तो आठवला की अजून रात्रीची झोप उडते.

'ऑडिट'ला तो उचगावला आला. सोबत एक पोरगा, गळ्यात कॅमेरा. कारखान्यात फिरले, पोल्लाचीहून आलेल्या काथ्याच्या गठ्ठ्यांचे फोटो काढले, लेटेक्सच्या शीटवर हात ठेवून फोटो काढले, कामगारांचे मास्क मोजले, एका फॉर्मवर खुणा केल्या. पाऊण तासात आटोपलं. आमच्याकडे एक मामा आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर. ते कडेला बसून गादीला टाके मारत होते. त्यांनी सुई खोळीत तशीच खोचली, उठून आले आणि सरळ विचारलं, "सायेब, तुकडा न्हेणार न्हाई व्हय? आत काय हाय ते वरनं कसं कळंल?"

तो हसला. म्हणाला, "आजोबा, आता सगळं डिजिटल असतं."

आणि मी काय केलं? "मामा, तुम्ही तुमचे टाके बघा," असं चारचौघांत बोललो. मामा काही न बोलता जागेवर जाऊन बसले. मी त्या दोघांना घेऊन तांबडा-पांढरा खाऊ घालायला गेलो, त्याचं १,१४० रुपये बिल वेगळंच.

ज्या माणसाच्या हयातीत गिऱ्हाईक गादीचा टाका उसवून कापूस बघायचं, कापूस गिऱ्हाइकासमोर काट्यावर तोलून मगच खोळीत भरायचा, त्याला एका वाक्यात चोरी दिसली. मला बी.कॉम. होऊन दिसली नाही. खऱ्या लेबलासाठी काय करतात ते मी नंतर वाचून काढलं. आख्खी गादी बंद चेंबरमध्ये ठेवून तिच्यातून हवेत कोणती रसायनं सुटतात ते मोजतात. लेटेक्स आणि फोमची प्रयोगशाळेत तपासणी होते. गादीवरून जड रूळ ३०,००० वेळा फिरवतात, आणि त्यानंतर उंची १५ टक्क्यांपेक्षा किंवा कडकपणा २० टक्क्यांपेक्षा जास्त घटला तर ती नापास. माझ्या गादीवरून तीस हजार सोडा, एकदासुद्धा कुणी काही फिरवलं नाही. ७०,८०० रुपये चाचणीचे भरले होते आणि चाचणीला कारखान्यातून एक तोळा माल बाहेर गेला नव्हता. हे मला कळायला हवं होतं. त्याच दिवशी, तिथंच.

दुसरी खूणही होती. "फोमचं एक अमेरिकन लेबल आहे, ते तुम्हाला फुकट जोडून देतो," असं तो म्हणाला होता आणि सर्टिपूरचं चिन्ह त्यानं प्रमाणपत्रावर छापूनही आणलं. ते फक्त पॉलियुरेथेन फोमसाठी असतं. माझ्या गादीत फोम नाहीच! काथ्या आणि लेटेक्सच्या गादीला फोमचं लेबल, आणि मी म्हटलं बरं झालं, एक जास्तीचं मिळालं.

तिसरी खूण सीएंनी दाखवली. एप्रिलच्या मध्याला त्यांचा फोन आला, "तुमची ती फेब्रुवारी-मार्चची कन्सल्टंटची बिलं टूबीत दिसत नाहीत." टूबी म्हणजे विकणाऱ्यानं जीएसटीत भरलेली बिलं आपल्याला दिसतात तो तक्ता. मी म्हटलं तो तिमाही रिटर्नवाला असेल, उशिरा दिसतील. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकायला दोन मिनिटं लागतात. तो नंबर २७ नं सुरूच होत नव्हता, म्हणजे महाराष्ट्राचा नव्हता, आणि शोधला तर परराज्यातल्या एका टायरच्या दुकानाचा निघाला. पैसे देण्याआधी नंबर टाकून बघा. नंतर बघून माझ्यासारखं फक्त रक्त आटतं.

भांडं फुटलं जूनमध्ये. गोव्यातल्या एका रिसॉर्टला ४० गाद्या दिल्या होत्या, ११,८०० प्रमाणे ४,७२,००० चा माल. तिथल्या मॅडमचा फोन आला. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "तुमचा परवाना नंबर मी युरोपच्या यादीत टाकून बघितला. त्या नंबरात देशाची अक्षरं असतात, मालाच्या गटाचा आकडा असतो. तुमच्या नंबरात दोन्ही नाहीत, आणि यादीत तुमचं नावही नाही. आम्ही आमच्या पाहुण्यांना काय सांगायचं?" ती यादी सगळ्यांना खुली आहे. ज्यांनी लेबलासाठी एक रुपया दिला नव्हता त्या बाईंनी ती उघडून बघितली. दीड लाख देणाऱ्यानं नाही. ४० च्या ४० गाद्या परत आल्या, जाता-येता भाडं ३१,५०० माझ्या अंगावर, ते त्या दीड लाखात धरलेलं नाही.

मॅडमनी आणखी एक सांगितलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. १५ ऑक्टोबर २०२४ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं खोट्या पर्यावरण-दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. मालावर 'पर्यावरणपूरक' लिहिलं तर त्याचा पुरावा लिहिणाऱ्यानं द्यायचा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड आहे. म्हणजे फसलो मी, आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं फसवणाराही मीच. हे वाक्य लिहिताना हात थरथरतोय.

मग सुरू झाल्या चकरा.

पोलिस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तर, "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." दुसऱ्यांदा वकिलाचं टिपण घेऊन गेलो तर, "माणूस पुण्याचा ना? मग तक्रार पुण्यात द्या." गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो हे मी सांगितलं तर साहेबांनी वर बघून, "तुम्हीच ठाणं चालवा मग," म्हणून ऐकवलं. तिसऱ्यांदा सायबरकडे पाठवलं. तिथं म्हणाले तुम्ही त्याला समोरासमोर भेटलाय, ही ऑनलाइन फसवणूक होत नाही. मग हा गुन्हा आहे कुणाचा? बँकेत त्याचं खातं गोठवा म्हणून लेखी दिलं, पोच घेतली, सात आठवड्यांनी उत्तर आलं की खातं आधीच बंद झालंय. ग्राहक तक्रारीसाठी विचारायला गेलो तर खिडकीवरूनच, "तुम्ही व्यापारी, ग्राहक नव्हे." स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला कायद्यात अपवाद आहे, तो त्या खिडकीतल्या माणसाला मी वाचून दाखवला. त्यानं जेवणाची सुट्टी झाली म्हणून काच ओढली.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे पर्यावरणाशी संबंधित एका कार्यालयातलं उत्तर: "लेबल ऐच्छिक आहे ना? मग ते आमच्याकडे येत नाही." ऐच्छिक आहे म्हणून त्याच्या नावानं कुणीही लुटावं? सरकारी योजनेचं नाव, सरकारी नियमांची तारीख, युरोपचं चिन्ह वापरून माणूस राजरोस दुकानं फिरतो, आणि विचारायला गेलं की प्रत्येकाची हद्द उंबऱ्याशी संपते. एका टेबलावर तर साहेब हसले, "गादीला कसलं आलंय सर्टिफिकेट?" साहेब, दिवसातले सात-आठ तास माणूस जिच्यावर नाक टेकून झोपतो तिच्यातून काय वास, काय रसायन सुटतंय हे विचारण्यात हसण्यासारखं काय आहे? लहान पोरं झोपतात त्याच्यावर. लेबलाची कल्पना चांगलीच आहे, म्हणून तर मी पैसे भरले!

शेवटी वकिलांनी सांगितल्यावरून ११ सप्टेंबरला पोलिस अधीक्षकांच्या नावे रजिस्टर पोस्टानं तक्रार पाठवली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ठाण्यानं नोंद घेतली नाही तर हा मार्ग आहे. फसवणुकीचं कलम आता न्याय संहितेतलं ३१८ लागतं, ४२० जुनं झालं. हे तुम्हाला आधी माहीत असू दे, मला तिसऱ्या चकरेनंतर कळलं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिल्या काही तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, वाट बघत बसू नका.

गंगावेशीतल्या आणि गोकुळ शिरगावच्या माझ्या दोन धंदाबंधूंनाही हाच माणूस भेटून गेलाय. एकानं २३,६०० भरून थांबवलं, तो कबूल करायला तयार नाही. लाजू नका रे, लाजलात तर तो पुढच्या दुकानात जाईल. तुमच्यापैकी कुणाला खरंच युरोपचं फूल पाहिजे असेल तर अर्ज युरोपातल्या सदस्य देशाच्या अधिकृत संस्थेकडेच जातो. अर्जाचं शुल्क २०० ते २,००० युरो, अगदी छोट्या उद्योगाला कमी, चाचण्यांचा खर्च वेगळा. लाकडाच्या फर्निचरवर एफएससीचं, म्हणजे नीट राखलेल्या जंगलातल्या लाकडाच्या लेबलाचं, झाड दिसलं तर खाली सी आणि सहा आकड्यांचा कोड असतो, तो त्यांच्या साइटवर टाका. ओईको-टेक्सचं 'स्टँडर्ड १००' लेबल कापडातल्या घातक रसायनांबद्दल बोलतं, 'ऑरगॅनिक' म्हणजे ते नव्हे. नंबर नसलेलं लेबल हे नुसतं चित्र आहे. कुणी माल न कापता, न नेता शिक्का देत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

मामांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे, लेबलं आधी काढूया." दोघांनी मिळून गोव्याहून परत आलेल्या ४० गाद्यांवरची उसवली. अशी लेबलं लावलेल्या एकूण १७४ गाद्या बाहेर गेल्या होत्या. उरलेल्या १३४ पैकी १२१ गिऱ्हाइकांना फोन करून खरं काय ते सांगितलं. चौघांनी गादी परत केली, पैसे दिले. १३ जणांचा नंबर आमच्याकडे नाही, रोखीनं घेऊन गेले होते. एप्रिल ते जून २०२५ या काळात शाहूपुरीतून काथ्या-लेटेक्सची गादी घेतली असेल तर पायाकडची डावी शिवण बघा. तिथं निळ्या-हिरव्या फुलाचं कापडी लेबल असेल तर ते खोटं आहे. गादी घेऊन या, बिल नसलं तरी चालेल. तुमच्यासमोर टाका उसवून आत काय भरलंय ते मामा दाखवतील, आणि नको असेल तर पूर्ण पैसे परत.