परग्रहावरचे सरपटणारे: मगरीवरून घडवावेत की तुआतारावरून?

विज्ञानकथेत सरपटणाऱ्यांची संस्कृती रंगवायची ठरली की बहुतेक जण माणसालाच खवले आणि शेपटी लावून मोकळे होतात. रक्त थंड म्हणून काळीजही थंड, झालं काम! त्यापेक्षा पृथ्वीवरचा एखादा खरा प्राणी समोर ठेवावा आणि आधी एवढंच बघावं: अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाला कोण सांभाळतं? रीतिरिवाज तिथूनच फुटतात.

मगर घेतलीत तर समाज आयता मिळतो. पिलं अंड्यातूनच आवाज देतात, आई घरटं उकरते आणि पिलांना जबड्यात धरून पाण्यात सोडते. आपल्या सावित्री-कृष्णेतल्या मगरींमध्ये पिलू नर होणार की मादी, हे घरट्याच्या उबेवर ठरतं. साधारण ३२-३३ अंशांच्या आसपास नर जास्त, त्याहून थंड घरट्यात माद्या. आता ही गोष्ट बुद्धिमान प्रजातीत घाला. उबवणघराची किल्ली ज्याच्या कमरेला, पुढची पिढी त्याच्या मुठीत. युद्धाच्या तयारीत घरटी तापवायला लावणारा राजा आणि रात्री गुपचूप गार माती टाकणाऱ्या सुइणी, एवढ्यावर अख्खी कादंबरी निघेल. ग्रह थंड असेल तर सकाळी ऊन खाल्ल्याशिवाय अंग हलणार नाही. मग न्यायनिवाडा दुपारी आणि पहाटेचा हल्ला म्हणजे महापाप. कथेत शेजारी माणूस हवा असेल तर गोव्यातली मानगे थापणी जरूर बघा. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून पिकवलेल्या जमिनींच्या गावांत पौषात मातीची मगर करून पूजतात. भीती आणि शेजारधर्म एकत्र कसे नांदतात ते त्यात दिसतं.

न्यूझीलंडच्या बेटांवरचा तुआतारा दिसायला सरडा, पण सरडा नव्हे; त्याच्या गणातला तो आज एकटाच उरलाय. डोक्यावर तिसरा डोळा, पिलांमध्ये दिसणारा आणि पुढे खवल्यांखाली झाकला जाणारा. अंडं फुटायला वर्षभर किंवा जास्तच. इन्व्हरकार्गिलच्या संग्रहालयातला हेन्री २००९ साली बाप झाला, तेव्हा त्याचं वय १११ मानलं जात होतं! पण खरी मेख वेगळीच आहे. मोठे तुआतारा मुख्यतः रात्री हिंडतात आणि सापडलं तर पिलूही खातात, म्हणून पिलं दिवसा बाहेर पडतात. म्हणजे एकाच गावात दोन समाज: दिवसाचा पोरांचा, रात्रीचा थोरांचा. मग भाषा कोण शिकवणार? मोठी पोरं धाकट्यांना? की म्हातारे भिंतींवर लिहून ठेवतात आणि पोरं उजेडात वाचतात? रात्रीत पहिलं पाऊल टाकणं हीच त्यांची मुंज.

राजकारण, घराणी, सूडकथा लिहायची असेल तर मगर घ्या, वाचक लगेच रुळतो. लघुकथेसाठी मात्र मी डोळे झाकून तुआतारा निवडेन, कारण मगरीच्या आईत आपण फार पटकन माणसाची आई बघायला लागतो. दोन्हींची सरमिसळ करू नका. जबड्यात पिलं जपणारी आई आणि पिलं खाणारे थोर एका गावात बसवायचे तर वेगळं कारण शोधावं लागेल.

कोणताही नमुना घ्या, जेवणाचा हिशेब चुकवू नका. शरीर तापवण्यात अन्न जळत नसल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने सरपटणाऱ्याला साधारण दहावा हिस्सा पुरतो. त्यांच्या शहरात रोजचा बाजार, खानावळी, तीन वेळचं ताट काही नको. महिन्यातून एखादी पंगत दाखवा, आणि नंतर दोन दिवस सगळं गाव सुस्त.