धूर जमिनीवर मोजायचा की आभाळातून?
बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीशेजारी यंत्र ठेवलं, तर ते आपल्या नाकाशी असलेली हवा मोजतं. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, घनमीटरमागे इतके मायक्रोग्रॅम. देशाची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६०. आकडा सरळ, रात्रंदिवस मिळणारा, पण त्या जागेपुरता. चिक्कोडीकडे उसाचं पाचट पेटलं तर त्याला पत्ताच नाही.

उपग्रहाला तो सगळा पट्टा दिसतो. नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरचं मोडिस उपकरण जमिनीपासून वरपर्यंतच्या कणांनी किती प्रकाश अडवला ते सांगतं. कण कुठल्या उंचीवर, ते नाही. गोम तिथेच आहे. थंडीतल्या सकाळी जमिनीलगतचा, हवा मिसळणारा थर बसका, धूर खाली कोंडलेला. मे महिन्याच्या दुपारी तोच थर उंच चढतो. वरून आकडा दोन्ही दिवशी सारखा येऊ शकतो, खोकला मात्र थंडीतच! शिवाय दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि जास्त प्रकाश अडवतात. खानापुरात तर पावसाळाभर ढग. तेव्हा उपग्रह आंधळाच.

दम्याच्या माणसानं जवळ यंत्र असेल तर त्याचंच ऐकावं. यंत्र नसलेल्या गावाला उपग्रहाचा आकडा चालेल, पण थराची उंची आणि आर्द्रता धरून, जमिनीवरच्या नोंदींशी ताडून घेतलेला.