नॅनोट्यूबचा नमुना मोजायचा कशात? वेव्हगाइड, कोॲक्सिअल की कॅव्हिटी

एपॉक्सीत कार्बन नॅनोट्यूब मिसळून वडी तयार आहे, व्हीएनएवर (मायक्रोवेव्ह सिग्नल मोजणाऱ्या व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझरवर) दोन दिवसांचा नंबर लागलाय, आणि परमिटिव्हिटी, म्हणजे पदार्थ विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देतो ते, मोजायला नमुन्याचा होल्डर कुठला घ्यायचा ते ठरत नाहीये. पुण्यातल्या पीएच.डी.वाल्यांचा हा नेहमीचा घोळ.

एक्स बँडपुरतं, म्हणजे ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झ, काम असेल तर माझं मत वेव्हगाइडला, म्हणजे धातूच्या पोकळ आयताकृती नळीला. २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटरचा आयत पॉलिश पेपरवर घासूनही जमतो. नमुना आणि भिंत यांच्यातल्या फटीची सगळे भीती घालतात, पण सगळ्या फटी सारख्या नसतात. विद्युतक्षेत्र उभं, १०.१६च्या दिशेने असतं. त्यामुळे वरच्या-खालच्या रुंद भिंतींशी केसभर फट राहिली तरी परमिटिव्हिटी कमी दिसते. बाजूच्या भिंतींपाशी क्षेत्रच शून्यावर येतं, तिथली फट बहुतेक माफ. तेव्हा जीव उंचीवर काढा.

७ मिलिमीटरच्या कोॲक्सिअल लाइनचा (मधोमध कंडक्टर असलेल्या गोल नळीचा) मोह मोठा, कारण एकाच नमुन्यात १ ते १८ गिगाहर्ट्झ. पण त्याला वॉशरसारखी कडी लागते, आतलं भोक ३.०४ मिलिमीटरचं. भोसरीत लेथवर करून मिळेलही, पण भोकाची कड जरा उडाली की संपलं. आतल्या कंडक्टरपाशीच क्षेत्र सर्वांत तीव्र असतं.

रेझोनंट कॅव्हिटी, म्हणजे धातूची बंद डबी, ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच मोजते, पण नॅनोट्यूब अगदी कमी असतील तर तिच्याइतका बारीक लॉस (ऊर्जेची गळती) दुसरं कुणी पकडत नाही. प्रमाण वाढून नळ्यांची साखळी जुळली की क्यू (अनुनादाची तीक्ष्णता) कोसळतो, आणि कॅव्हिटी विसरायची.

होल्डरशिवाय, हवेतून मोजणारा हॉर्न अँटेना फक्त एका दिशेत लावलेल्या नळ्यांच्या शीटसाठी, तेही शीट चांगली वीतभर असेल तर.

मोजलेल्या सिग्नलवरून पदार्थाचे गुण काढायचं गणित बहुतेक जण निकल्सन-रॉस-वीअरचं (१९७०, १९७४) लावतात. त्यातून परमिटिव्हिटी आणि पर्मिएबिलिटी (चुंबकीय प्रतिसाद) दोन्ही निघतात, आणि इथेच पोरं फसतात. नॅनोट्यूब जवळजवळ अचुंबकीय. पर्मिएबिलिटी १.४ आली म्हणून पेपर लिहायला बसू नका. आधी फट, नमुन्याची जागा आणि नळ्या बनवताना वापरलेल्या कॅटॅलिस्टचं उरलेलं लोखंड तपासा. लोखंड नसेल तर ती १ धरा आणि नुसत्या एस२१वरून (नमुन्यातून पलीकडे पोचणाऱ्या सिग्नलवरून) परमिटिव्हिटी काढा, आकडे कमी नाचतात. नमुना मात्र पातळ ठेवा. जाड, लॉसी वडीतून पलीकडे सिग्नलच पोचत नाही, मग एस२१ म्हणून आपण नॉइज मोजत बसतो.

आणि नंबर जुलैतला असेल तर वडी आदल्या रात्री डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) टाका. एपॉक्सी ओल धरते, आणि या फ्रिक्वेन्सीला पाण्याचा लॉस भरपूर.