एक्सप्रेसवेचे 100 की समृद्धीचे 120?

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला कारची मर्यादा ताशी 100, समृद्धीवर 120. पहिली फार कमी आहे, अशी कुरकुर नेहमीचीच. पण एक्सप्रेसवे जेमतेम 95 किलोमीटरचा. तो अख्खा 120 ने मारला तरी वाचतात दहाएक मिनिटं, म्हणजे फूडमॉलवरचा एक वडापाव. उलट 100 वरून 120 वर गेलं की गाडीची गतिज ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते, आणि ब्रेकचं अंतरही साधारण त्याच हिशेबात.

माझी तक्रार घाटातल्या मर्यादेबद्दल. खंडाळ्याहून मुंबईकडे उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसला तरी काटा चढतो, मागचा हॉर्न मारतो, आणि कॅमेरा दिसला की सगळे एकदम ब्रेक दाबतात. तरी शेजारी लोड भरलेला ट्रेलर पहिल्या गिअरमध्ये उतरत असतो. त्याच्यासाठी तरी ती वेगमर्यादेची पाटी हवीच.

समृद्धीचं दुखणं वेगळंच. मुंबई-नागपूर 701 किलोमीटर, बराचसा सरळसोट काँक्रीट. तिथे 120 सुद्धा संथ वाटतं, म्हणून लोक 140 वर जातात. शिवाय झिजलेले टायर! मर्यादा तिथे मला पुरेशी वाटते. डुलकीवर मात्र पाटी चालत नाही.