मॉलिक्युलर मॉडेल किट: अकरावीच्या दिवाळीपासून सीईटीपर्यंत वापरल्यावर

अकरावीच्या दिवाळीनंतर घेतलेला मॉडेल किट बारावीची बोर्डाची परीक्षा आणि सीईटी होईपर्यंत माझ्या टेबलावर होता. प्लास्टिकचे रंगीत गोळे, त्यांना ठरावीक कोनांत पाडलेली भोकं आणि जोडायला करड्या नळ्या, एवढाच माल. काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, निळा नायट्रोजन, हिरवा क्लोरिन. हजाराच्या आत मिळाला. ऑरगॅनिक (कार्बनच्या संयुगांचा भाग) सुरू झाल्यावर केमिस्ट्री हातातून निसटतेय असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

माझी दहावी मराठी माध्यमातली. अकरावीत मोल कन्सेप्ट, रेडॉक्स हे सगळं जमत होतं, कारण आकडे नीट मांडले की उत्तर येतं. गाडी अडली ती रेणूंच्या आकारांवर. मॅडम फळ्यावर एक जाड पाचर आणि एक तुटक रेघ काढून सांगायच्या, हा बंध तुमच्याकडे येतोय, हा मागे जातोय. मला नुसत्या रेघा दिसायच्या. पाठ करून युनिट टेस्ट निघत होती, पण तीच आकृती जरा फिरवून आली की काहीच सुचायचं नाही. क्लासमधले हुशार म्हणवले जाणारे कितीतरी जण इथेच अडले होते, म्हणून हा अभ्यास कमी पडल्याचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही.

पहिल्यांदा मिथेन जोडला. काळा गोळा आणि चार पांढरे. टेबलावर ठेवला की तो तीन पायांवर उभा राहतो आणि चौथा हायड्रोजन वर. कुठल्याही बाजूने आडवा करा, तसाच उभा. १०९.५ अंश हा आकडा त्याआधी कितीदा लिहिला होता, पण चारही बंध एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर राहिले की हाच कोन येतो, हे गोळा हातात फिरवताना कळलं.

यातले रंगही जुने आहेत. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी क्रोकेच्या खेळातले चेंडू रंगवून रेणू दाखवले, आणि कार्बन काळा, ऑक्सिजन लाल ही पद्धत तिथून आली. त्यांचा मिथेन मात्र सपाट होता, चारही हायड्रोजन एकाच पातळीत. कार्बनचे बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) कोपऱ्यांकडे जातात हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं ते १८७४ मध्ये. सपाट कागदावरून हा आकार आपोआप दिसावा, अशी अपेक्षा अकरावीच्या मुलांकडून करणं मला अन्यायाचं वाटतं.

किटचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते कायरॅलिटीत, म्हणजे रेणू आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब एकमेकांवर न बसण्याच्या गुणधर्मात. २-क्लोरोब्युटेनचे दोन नमुने बनवायचे, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. मग ते एकावर एक बसवायचा प्रयत्न करायचा. दोन गट जुळले की उरलेले दोन उलटे पडतात. कितीही फिरवा, बसत नाहीत. या दोन रूपांना आर आणि एस म्हणतात. कुठलं कोणतं हे ठरवायला सगळ्यात कमी प्राधान्याचा पांढरा हायड्रोजन दांड्यासारखा धरायचा, उरलेले तीन गट स्वतःकडे करायचे आणि क्लोरिन, इथाइल, मिथाइल या क्रमाने नजर फिरवायची. घड्याळाच्या दिशेने गेली तर आर, उलट गेली तर एस. फिशर प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे रेणू कागदावर अधिकच्या चिन्हासारखा काढायच्या पद्धतीत, आडवे बंध आपल्याकडे आणि उभे मागे, हा नियम लक्षात ठेवून तोच नमुना कागदाशेजारी धरला, की आकृती १८० अंशांत फिरवली तर रेणू तोच राहतो आणि ९० अंशांत फिरवली तर दुसरा होतो, याचं कारण समोर दिसतं. पाठ करायला काही उरत नाही.

यातूनच एक नाद लागला. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यात असतं आणि त्याचं आरशातलं रूप बाळंतशेपांत, म्हणजे शेपूच्या बियांत. अणू तेच, जोडणीचा क्रमही तोच, तरी वास वेगळा. दोन्ही रूपांचे फक्त कार्बन आणि ऑक्सिजन जोडून ठेवले होते आणि शेजारी आजीच्या डब्यातल्या बाळंतशेपा. या विषयावर माझं प्रेम बसलं ते त्या आठवड्यात.

बारावीत हॅलोजन डेरिव्हेटिव्हजमधल्या एसएन२ ला, म्हणजे कार्बनवरचा एक गट जाऊन त्याच्या जागी दुसरा बसायच्या अभिक्रियेला, किटची मर्यादा कळते. न्यूक्लिओफाइल (नव्याने जोडला जाणारा गट) मागून येतो आणि उरलेले तीन बंध वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारखे पलीकडे वळतात. किटमध्ये हे वळणं दाखवता येत नाही, सुरुवातीचा आणि शेवटचा रेणू तेवढे बनवता येतात. तरी दोन्ही शेजारी ठेवले की इन्व्हर्जन, म्हणजे ही उलटापालट, स्पष्ट दिसतं.

कोऑर्डिनेशन कंपाउंड्सना (मधल्या धातूभोवती गट जोडलेल्या संयुगांना) सहा भोकांचा गोळा लागतो. माझ्या किटमध्ये असे दोनच होते, पण सिस (दोन सारखे गट शेजारी) आणि ट्रान्स (समोरासमोर) ही रूपं शेजारी ठेवायला दोन पुरले. कोबाल्टला दोन इथिलिनडायअमिन आणि दोन क्लोरिन लावले तर सिस रूपाचं आरशातलं प्रतिबिंब वेगळं निघतं, ट्रान्सचं नाही. हा प्रश्न मी आता डोळे मिटून सोडवू शकते.

एका गोष्टीत किट चक्क दिशाभूल करतो. बेंझीनमध्ये तो एकाआड एक दुहेरी बंध दाखवतो. खऱ्या बेंझीनमध्ये कार्बन-कार्बनचे सहाही बंध सारखे, सुमारे १३९ पिकोमीटरचे असतात. रेझोनन्स, म्हणजे दुहेरी बंध असे सगळीकडे सारखे वाटले जाणं, शिकताना किट कपाटात ठेवा. बंधांच्या लांबीवरही विश्वास नको, कारण कार्बन-कार्बन आणि कार्बन-हायड्रोजन या दोन्हींसाठी नळी एकच आहे.

थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कायनेटिक्स यांत उपयोग शून्य. तिथे गणितंच सोडवावी लागतात. नेम रिअ‍ॅक्शन्सही (शास्त्रज्ञांच्या नावाच्या अभिक्रिया) लिहूनच पाठ होतात.

वापरायची पद्धत महत्त्वाची. नुसते रेणू जोडून शोभेला ठेवले तर फायदा नाही. मी रेणू बनवायचे, वहीत काढायचे, मग मोडून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी फक्त आकृती बघून पुन्हा बनवायचे. सायक्लोहेक्झेनची खुर्ची, म्हणजे सहा कार्बनच्या कड्याचा खुर्चीसारखा आकार, अशीच हातात बसली: सहा बंध सरळ वर-खाली, सहा कडेने बाहेर. परीक्षेत किट नसतो. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून शंभर प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणून आकार डोक्यात फिरवायची सवय आधीच लागलेली हवी. बारावीच्या मध्यापासून मी किट फक्त शंका आली तरच उघडत होते.

टिकाऊपणा बरा. नळ्या सुरुवातीला इतक्या घट्ट की बोटं दुखतात, वर्षभराने काही सैल झाल्या. लांब साखळी उचलली की मधेच सुटते. हायड्रोजन कमी पडतात: एका सायक्लोहेक्झेनलाच बारा लागतात, ग्लुकोजलाही बारा, म्हणून दोन्ही एकत्र ठेवता आले नाहीत.

घेताना डब्यावरचं चित्र न बघता आतल्या तुकड्यांची यादी वाचा. चार भोकांचे किमान बारा कार्बन, पंचवीस-तीस हायड्रोजन, सहा भोकांचे दोन गोळे आणि दुहेरी बंधासाठी वाकणाऱ्या लांब नळ्या हव्यात. फक्त दोन भोकांचा ऑक्सिजन असेल तर पाण्याच्या रेणूतल्या लोन पेअर (बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) दाखवता येत नाहीत, चार भोकांचा असेल तर उत्तम. अकरावीचं बेसिक ऑरगॅनिक सुरू व्हायच्या आत घ्या आणि दोन-तीन मैत्रिणींनी मिळून घेतलात तर आणखी चांगलं, कारण एकीने बनवलेला रेणू दुसरीने ओळखायचा हाच माझ्या मते याचा सगळ्यात उपयोगी वापर आहे.