मास्कवरचे ९५ आणि माझी दाढी: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या लाकडी फर्निचरला घासून नव्याने पॉलिश करणे हे माझे रोजचे काम आहे. जाड भुसा लगेच खाली बसतो, त्याची फारशी चिंता नसते. पण बारीक पॉलिश पेपरने घासताना उडणारी पिठासारखी धूळ काम थांबवल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि तीच छातीत उतरते. तिच्यासाठी गेल्या आठ महिन्यांत मी सर्जिकल मास्क, एन९५ आणि फिल्टर बदलता येणारा सिलिकॉनचा अर्धा मास्क असे तीन प्रकार वापरून पाहिले.

सर्जिकल मास्कचा निकाल दुसऱ्याच आठवड्यात लागला. घालणाऱ्याच्या तोंडातले थेंब समोरच्यावर उडू नयेत, हा त्याचा मूळ उद्देश. गालांजवळ तो उघडाच राहतो आणि श्वास घेताना हवा कापडातून येण्याऐवजी तिथूनच आत शिरते. संध्याकाळी मास्क काढला की नाकाच्या दोन्ही बाजूंना धुळीच्या पांढुरक्या रेघा उमटलेल्या असत.

एन९५ बद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्याविषयी माझाच मोठा गैरसमज होता. हे कापड चाळणीसारखे काम करते आणि भोकांपेक्षा लहान कण आरपार जातात, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्यामुळे धाग्यांवर आदळतात, तर अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि धाग्यांना चिकटतात. अडवायला सर्वांत अवघड असतात ते मधल्या आकाराचे कण. म्हणूनच या मास्कची चाचणी सुमारे ०.३ मायक्रॉनच्या मिठाच्या कणांवर, मिनिटाला ८५ लिटर हवा खेचून घेतात आणि त्यांपैकी किमान ९५ टक्के कण अडले तरच त्याला एन९५ म्हणतात. (युरोपातील एफएफपी२ या तशाच दर्जाच्या मास्कसाठी हीच अट ९४ टक्क्यांची आहे.) इतके कण अडवूनही श्वास घेणे फारसे जड जात नाही, कारण कापडाच्या मधल्या थरातील पॉलिप्रोपिलीनच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि तो कणांना ओढून घेतो.

हे कळण्याआधी काटकसर म्हणून मी दोन मास्क साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवले होते आणि एकावर सॅनिटायझर फवारले होते. तिन्ही दिसायला नव्यासारखे झाले, पण साबण आणि अल्कोहोल यांनी हा भार नाहीसा होतो. म्हणजे आठवडाभर मी केवळ स्वच्छ दिसणारे मास्क घालून धूळ खात होतो.

पुढे एका कामाच्या ठिकाणी मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही याची चाचणी द्यावी लागली. डोक्यावर पारदर्शक टोप चढवून आत सॅकरिनचा फवारा सोडतात. चव लागली नाही तर मास्क बसला. स्थिर उभा असेपर्यंत काही जाणवले नाही, पण मान डावीकडे वळवताच जिभेवर स्पष्ट गोडवा आला. मास्क अस्सल होता, डोक्यामागून जाणारे दोन्ही पट्टे जागेवर होते, नाकावरची पट्टी दाबलेली होती. दोष होता तो चार दिवसांच्या खुंटांचा. दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून गेलो, तेव्हा त्याच मास्कने मान वळवताना, वाकताना आणि बोलतानाही चव लागू दिली नाही. पाकिटावरचे ९५ हे कापडाचे गुण आहेत, माझ्या चेहऱ्याला ते आपोआप मिळत नाहीत, हे तेव्हा पटले. कानात अडकवायचे मास्क त्यानंतर मी कामावर वापरलेले नाहीत. ते माझ्या हनुवटीखाली कधीच घट्ट बसले नाहीत.

सध्या जास्त वेळ वापरतो तो सिलिकॉनचा मास्क. त्याचे पी१०० फिल्टर ९९.९७ टक्के कण अडवतात. तरीही अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत त्याला आणि नीट बसलेल्या एन९५ ला संरक्षणाचा गुणांक सारखाच, म्हणजे १० (मास्कच्या आत बाहेरच्या एक दशांश धूळ) धरला आहे, कारण कडेची गळती दोघांनाही चुकत नाही. माझ्या मते त्याचा खरा फायदा असा की कड मऊ असल्याने तो दर वेळी एकाच जागी बसतो आणि पुसून पुन्हा वापरता येतो. उणीव अशी की बोललेले कोणाला धड ऐकू जात नाही आणि तासाभरात आत घाम साचतो. श्वास जड वाटू लागला की मी फिल्टर बदलतो.

थिनरचा वास मात्र या फिल्टरांतूनही सरळ आत येतो, कारण वायूंना हे कापड अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा वेगळा डबा लावावा लागतो. चष्मा अजूनही माझा पहारेकरी आहे. काचेवर वाफ धरली की नाकाजवळ फट आहे असे समजून मी पॉलिश पेपर खाली ठेवतो आणि पट्टे पुन्हा ओढून घेतो.